वर घातलेलं पापलेट

माझ्या आईने आयुष्यात एकच सौदा चुकीचा केला, आणि तोही तिच्या हिशेबाने तिने उत्तम केला होता. हे सांगायला लागले की अजूनही माझा आवाज चढतो. चढू दे.

आई वसईच्या मासळी बाजारात बसते. बाबा गेल्यावर पाचूबंदरचं घर काकांच्या वाट्याला गेलं, तेव्हापासून आम्ही दोघी भाड्याने राहतो. बाबांच्या ऑपरेशनसाठी मी माझ्या नावावर बँकेचं कर्ज काढलं होतं. मी खासगी शाळेत शिकवते. लॉकडाऊनमध्ये शाळेने आधी पगार अर्धा केला, मग तोही थांबवला, आणि माझे हप्ते थकले. यात मी नेमकं कुणाला फसवलं ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. बँकेने मात्र माझं प्रकरण वसुलीच्या एजन्सीकडे दिलं आणि एजन्सीने एक माणूस आमच्या मागे लावला.

तो मला फोन करायचा, ते एक वेळ समजू शकते. पण कर्जाच्या अर्जात ओळखीची व्यक्ती म्हणून मी आईचा नंबर दिला होता. बाजार पुन्हा सुरू झाल्यावर तो धागा पकडून हा गृहस्थ थेट आईच्या टोपलीसमोर जाऊन उभा राहिला. गिऱ्हाइकं उभी, शेजारी बायका बसलेल्या, आणि हा मोठ्याने विचारतोय की मावशी, मुलगी पैसे कधी भरणार. असं तिसऱ्या माणसाकडे जाऊन अब्रू काढायला नियमाने बंदी आहे हे मला पुढे कळलं. त्याला ते तेव्हाही ठाऊक असणार. दोन-तीनदा तो असाच आला. मी शाळेत, आणि आई तिथे एकटी मान खाली घालून मासे कापत बसलेली.

मग एक दिवस तो म्हणाला की एकरकमी भरलंत तर थोडं कमी करतो. इथे तो माझ्या आईला ओळखत नव्हता. कुणी आकडा सांगितला की आईच्या अंगात येतं. तिने त्याला तासभर घोळवला, तीनदा "जा मंग" म्हणून परत पाठवला, आणि शेवटी थकलेल्या रकमेच्या निम्म्यावर आणला. भिशीचे पैसे उचलले, मी बँकेच्या पत्रावर सही केली, पैसे भरले. तो म्हणाला, "झालं मावशी, टेन्शन खतम. मॅटर क्लोज."

आमच्याकडे सौदा पटला की गिऱ्हाइकाच्या पिशवीत वर एखादा मासा घालतात. त्याचे पैसे नसतात. त्याचा अर्थ एवढाच, की तू खूश, मी खूश, मनात काही ठेवायचं नाही. आईने त्या माणसाला वर एक पापलेट घातलं. चांगलं तळहाताएवढं. त्याने ते हसत हसत घेतलं. त्या दिवशी आईने अख्ख्या बाजाराला सांगितलं की बँकेला अर्ध्यावर आणली.

त्यानंतर काही वर्षांनी जूचंद्रला एक छोटं घर पाहिलं. घर विकणाऱ्या बाई भल्या होत्या, नाताळपर्यंत थांबते म्हणाल्या. बयाणा दिला. आईने खिडकीखाली देव कुठे ठेवायचे तेही ठरवून टाकलं. आणि दुसऱ्या बँकेने कर्ज नाकारलं. तिथल्या साहेबांनी माझा क्रेडिट रिपोर्ट स्क्रीनवर फिरवून दाखवला. जुनं कर्ज पूर्ण न फेडता कमी पैशांत मिटवलं, बाकीची रक्कम बँकेला सोडून द्यावी लागली, अशी नोंद. असा माणूस पुन्हा बुडवणार असं आम्ही धरतो, साहेब शांतपणे म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सूट देणारे तेच, घ्या म्हणून मागे लागणारे तेच, आणि सूट घेतली म्हणून कपाळावर डाग देणारेही तेच. घासाघीस चालली असताना एक शब्द तर बोलायचात, की बाई, यात पुढे तुमचं नुकसान आहे. आम्ही आणखी दोन वेळा कमी जेवलो असतो, पण पूर्ण भरलं असतं.

डाग पुसायचा तर सोडलेली रक्कम भरा, असं कळलं. म्हणजे पैसे द्यायला मीच वणवण करायची. बँक म्हणे एजन्सीशी बोला, एजन्सी म्हणे बँकेशी बोला. मधल्या सगळ्या वर्षांचं व्याजही त्यांनी मागून पाहिलं. मी रोज शाळा सुटली की मेल लिहायची, आणि उत्तर नाही आलं की तोच मेल तक्रार विभागाला पाठवायची. शेवटी त्यांनी कबूल केलं: सोडलेली मूळ रक्कम तेवढी द्या, पूर्ण भरल्याचं पत्र मिळेल, नोंद बदलेल. पैसे घरासाठी साठवलेल्यातून काढले. नाताळ तोंडावर आला होता.

तुळिंजला एजन्सीच्या ऑफिसात आई माझ्याबरोबर आली. खुर्चीत तोच माणूस, आता जरा वरच्या पदावर. मी म्हटलं, बँकेने पत्राचा मसुदा आधी मेलवर पाठवला तरच पैसे भरीन. त्याला घाई होती, महिनाअखेर असावी. सवयीने त्याच्या तोंडून निघालं, "चला मॅडम, दोन हजार कमी भरा. मी वर बोलून ॲडजस्ट करतो."

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "एक पैसा कमी करू नको."

तो हसला. आई नाही हसली. "तुला मी पापलेट घातलेला. खाल्लास ना? तवा तरी सांगायचा व्हता."

त्याला आठवलं की नाही कोण जाणे. तो कॉम्प्युटरकडे बघायला लागला. आईचे डोळे भरले होते आणि मला त्याची कॉलर धरावीशी वाटत होती. मसुदा आला, मी शब्द न् शब्द वाचला, पैसे पूर्ण भरले.

नोंद बदलायला नाताळ उलटून गेला. त्या बाई आणखी थांबल्या, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. आता आम्ही जूचंद्रला राहतो आणि आई तिथून बाजारात जाते.

परवा रविवारी मी तिच्याजवळ बसले होते तर तो आला. बरोबर बायको होती. आईला पाहून जरा चपापला, पण बायकोने तोवर सुरमई उचलली होती. आईने भाव सांगितला. बायको म्हणाली, मावशी, काहीतरी कमी करा ना.

"करते की," आई त्याच्याकडे बघत म्हणाली. "पन मंग घर घ्याल तवा सगल्यांना सांगीन, या मानसानं माझं पैसं बुडवलं."

बायकोला काहीच कळलं नाही. त्याने पाकीट काढलं आणि पूर्ण पैसे दिले. आईने सुरमई कापून पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारली आणि वर काही न घालता त्याच्या हातात दिली.