वसुधाताईंची शंका

शेवटचं भेटलो तेव्हाही आम्ही भांडलोच. हॉस्पिटलची खोली, हाताला सुई, नाकाला नळी, आणि बाई मला म्हणतायत, "चल, मांड माझी बाजू." मी म्हटलं, "अहो ताई, आज राहू द्या ना." तर डोळे मोठे करून म्हणाल्या, "का? आज काय सुट्टी आहे?" मग काय करता! खुर्ची ओढली आणि मांडली. युरोपीय संघावर डोळे झाकून विश्वास का ठेवू नये, हे त्या संघाचा पक्का भक्त असलेला मी घसा खरवडून सांगत राहिलो. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं झोप लागली. तेवढ्यात आवाज आला, "अजून नाही." म्हणजे नापास! मी हसलो, त्याही हसल्या, त्यात खोकला आला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "एकच काळजी वाटते रे... मी गेल्यावर माझी शंका मांडणार कोण? बैठकीतले ते क्राउझे मांडतील तर तिच्यात विष कालवतील. तू मांडशील तर पाणी घालशील." मी काहीतरी थातुरमातुर बोलून निघालो. त्याच आठवड्यात एका दुपारी कारखान्याच्या क्लीनरूममधून बाहेर आलो, तो पांढरा पायघोळ पोशाख उतरवला, फोन पाहिला, तर माझ्या बायकोचे, अनघाचे, इतके मिस्ड कॉल की परत फोन लावायच्या आधीच मला कळलं.

वसुधाताई आम्हा ड्रेस्डेनच्या मराठी मंडळींमधल्या सगळ्यात जुन्या. आम्ही बाकीचे चिपच्या कारखान्यांच्या मागे आलो. त्या साताऱ्याहून इथे शिकायला आल्या, तेव्हा हा पूर्व जर्मनी नावाचा वेगळा देश होता. इथेच त्यांनी यंत्रशास्त्रात डॉक्टरेट केली, इथेच डीटरशी लग्न केलं. डीटर कॅमेऱ्याच्या कारखान्यात इंजिनिअर. बर्लिनची भिंत पडायच्या आधी तो मेणबत्ती घेऊन मोर्च्यांना जायचा, दोन्ही जर्मनी एक झाले की सगळं सोन्याचं होणार म्हणायचा. ताईंना मात्र धाकधूक. "अरे, एका सकाळी उठले तर पैसे वेगळे, कायदे वेगळे, दुकानातलं दूधसुद्धा वेगळं," त्या सांगायच्या. "कुणी वाईट नव्हतं हं. पण ज्यांनी ठरवलं त्यांनी आमचा कारखाना कधी पाहिलेलाही नव्हता. डीटरला कळेचना, ओरडायचं तर कुणाच्या दारात जाऊन ओरडायचं!" कारखाना बंद झाला. डीटरला त्याच्या तोडीचं काम पुन्हा मिळालं नाही. ताईंची युरोपबद्दलची सगळी शंका त्या एका दारातून आलेली होती. निर्णय घेणारा माणूस मला जाऊन गाठता आला पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. देश एकत्र यायला त्यांचा विरोध नव्हता. पण आपण मत देऊन निवडलेल्या युरोपच्या संसदेला स्वतःहून कायदासुद्धा मांडता येत नाही, याचा त्यांना मनापासून राग यायचा.

आणि मी? माझ्या इथल्या पहिल्या कामाच्या परवान्याचं नावच मुळी युरोपियन युनियनचं ब्लू कार्ड! सकाळी गाडीत बसावं, सरहद्दीपलीकडे प्रागला जाऊन नाश्ता करावा, संध्याकाळी घरी यावं, पासपोर्ट कुणी विचारत नाही, याचं मला कोण कौतुक. पहिल्यांदा ताईंकडे जेवायला गेलो तेव्हा हे सगळं पुराण मी लावलं. त्यांनी वरणात तूप वाढता वाढता ऐकलं आणि विचारलं, "बरं. आता माझी बाजू सांग." मी म्हटलं, "म्हणजे?" म्हणाल्या, "या टेबलावरचा नियम आहे. समोरच्याची बाजू आधी मांडायची, ती समोरच्याला पटेल इतकी चांगली मांडायची, आणि मग स्वतःचं बोलायचं." हा नियम डीटर आणि त्यांच्या भांडणांतून आलेला. एकीकरणाच्या वर्षी दोघांत बोलणंच बंद पडायची वेळ आली होती, तेव्हा त्यांनी तो घरात लावला. गंमत म्हणजे पुढे काम गेल्यावर डीटर कडवट झाला, आणि मग त्याची जुनी स्वप्नं त्याला ताईच समजावून सांगायच्या. डीटर होता तोवर, दुसऱ्याची बाजू पटली की मान हलवून "नू" म्हणायचा. इथल्या सॅक्सन बोलीत नू म्हणजे हो. ताईही तेच म्हणायच्या, चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या आणि "नू!" तो चष्मा टेबलावर यावा म्हणून मी किती वर्षं झटलो, देवाला ठाऊक.

त्या मात्र माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडायच्या, आणि हेच मला कधी समजलं नाही की एखाद्या माणसाला हे जमतं कसं. एकदा प्रागहून परतताना सरहद्दीवर पोलीस डब्यात शिरले आणि अख्ख्या डब्यात फक्त माझ्याकडे कागद मागितले. अनघा आणि मुलगी शेजारी बसलेल्या. मुलगी जर्मनमध्ये विचारते, बाबालाच का? मी काय सांगणार, कप्पाळ! रविवारी ताईंकडे गेलो तो धुमसतच. म्हटलं, "घ्या, तुमचंच खरं! कसला युरोप आणि कसलं काय." मला वाटलं, आता बाई खूश होतील. तर त्यांनी चहाखालचा गॅस बारीक केला आणि मला झापलं. "तुझी बाजू तूच विसरलास की! ही चौकी ब्रुसेल्सच्या संघाने नाही लावली, बर्लिनच्या सरकारने लावलीय. देशांनी एकमेकांवर विश्वास टाकला होता तेव्हा ती उठली, विश्वास आटला तशी परत आली. हे तू मला सांगायचंस, मी तुला नाही." मी बघतच राहिलो. जिंकायची आयती संधी, आणि ती या बाईने माझ्या पदरात टाकली. मी आयुष्यात बरीच हुशार माणसं पाहिली, पण अशी हुशारी पाहिली नव्हती.

त्यांच्या वस्तीत चर्चच्या शेजारी एक छोटा हॉल आहे. महिन्यातून एकदा तिथे वस्तीतली माणसं जमतात, कॉफी आणि आयरशेके नावाचा इथला केक खातात आणि गावच्या, देशाच्या प्रश्नांवर बोलतात. ताई शंकरपाळ्यांचा डबा घेऊन जायच्या, हीटरशेजारच्या खुर्चीत बसायच्या. मीही जायला लागलो. गेल्या युरोपीय निवडणुकीच्या आधीची ती संध्याकाळ. ताई उठल्या आणि नेहमीचं बोलल्या, लांबून घेतलेल्या निर्णयांबद्दल, न सापडणाऱ्या दाराबद्दल. मागून जोरात टाळ्या. हेर क्राउझे, म्हणजे क्राउझेसाहेब. निवृत्त ट्रकचालक, आवाज खणखणीत. उभे राहून म्हणाले, "फ्राऊ डॉक्टर बरोबर बोलल्या! आधी त्या ब्रुसेल्समधून बाहेर पडू, आणि मग बाहेरून आलेल्या या सगळ्यांना..." एवढं बोलून त्यांची नजर माझ्यावर गेली. पुढचं वाक्य त्यांनी गिळलं, पण ते काय होतं हे हॉलमध्ये सगळ्यांना कळलं. ताईंना तर नक्कीच. समोरच्या एक बाई ताईंकडे वळून थंडपणे म्हणाल्या, "बघा, तुमच्यासाठी टाळ्या कोण वाजवतंय ते."

ट्राममध्ये मी तावातावाने सांगितलं, "ताई, आता तिथे हा विषय काढू नका. तुम्ही बोलता, आणि ते लोक तुमच्या नावावर स्वतःचा माल खपवतात." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. चेहरा असा उतरलेला मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. म्हणाल्या, "चाळीसेक वर्षं या गावात काढली. माझी शंका माझी आहे. कुणी ती उचलून नेली म्हणून ती त्यांना बक्षीस देऊन टाकू? आणि मग मी काय करू, गप्प बसू? गप्प बसले की ती त्यांचीच झाली ना रे." मनात म्हटलं, बाई आता जायच्या बंद होतील, आणि खरं सांगतो, मला बरंच वाटलं असतं.

कसल्या बंद होतात! पुढच्या महिन्यात डबा घेऊन हजर. आणि सरळ क्राउझेंसमोर जाऊन उभ्या. "हेर क्राउझे, तुम्ही माझ्यासाठी टाळ्या वाजवल्यात, म्हणजे माझी बाजू तुम्हाला माहीत असणार. सांगा बघू." ते गडबडले. ब्रुसेल्सला चार शिव्या हासडल्या, मग गाडी परदेशी लोकांवर नेली. ताईंनी मान हलवली आणि तोंडातून चक्क मराठी निघालं, "अजून नाही." हॉल बुचकळ्यात. त्यांनी जर्मनमध्ये अर्थ सांगितला. क्राउझे पुन्हा बोलले, आवाज चढवून. "अजून नाही." ते तणतणत निघून गेले. मला वाटलं, गेले ते गेले. पुढच्या महिन्यात आपले परत हजर! असं किती महिने चाललं. शंकरपाळे खायचे, प्रयत्न करायचे, नापास व्हायचे. पुढे पुढे तर हॉलमधले लोक आपापसातल्या वादातही "अजून नाही" म्हणायला लागले, अगदी मराठीत.

आणि मग ती संध्याकाळ. क्राउझे वैतागून म्हणाले, "तुम्ही माझी सांगा की मग! नुसतं मलाच काय नापास करता?" ताई म्हणाल्या, "नू." उठल्या. इतके महिने शंकरपाळे खाता खाता क्राउझेंकडून ऐकलेलं त्यांचं गाव त्यांनी सांगितलं. बंद झालेली शाळा, निघून गेलेला डॉक्टर, स्टुटगार्टला गाड्यांच्या कारखान्यात गेलेला आणि फक्त नाताळात येणारा मुलगा. ज्या पुलासाठी गाव वर्षानुवर्षं अर्ज करत होतं, त्याच्याऐवजी गावाला मिळालेला युरोपीय संघाच्या निळ्या झेंड्याचा, पिवळ्या ताऱ्यांचा फलक. जन्मभर गाडी हाकून म्हातारपणी आपल्याच घरात पाहुण्यासारखं वाटणं, ते कुणाजवळ बोलायची लाज, आणि ती लाज रागात कशी बदलते... एक शब्द उपहासाचा नाही, एक शब्द खोटा नाही. ज्या माणसाने एका अर्धवट वाक्यात त्यांना या गावातून जवळजवळ बाहेर काढलं होतं, त्याचं दुःख या बाई त्याच्याच बोलीत, त्याच्याहून नीट सांगत होत्या. क्राउझेंनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली, आणि अगदी हळू म्हणाले, "नू." ताई म्हणाल्या, "आता एकच सांगा. यातलं काय या मुलाने बिघडवलं?" आणि माझ्याकडे बोट केलं. त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. ते सुधारले वगैरे मी म्हणणार नाही. मत कुणाला देतात ते मला माहीत आहे, आणि देतही राहतील. पण ते येत राहिले.

मी सुन्न होऊन घरी आलो. अनघाने बैठकीचं विचारलं. एवढंच म्हटलं, "आपण एका फार मोठ्या माणसाच्या घरी वरणभात खातो गं." ती म्हणाली, "ते तुला आज कळलं?"

ताईंना जाऊन महिना होऊन गेला. परवा हॉलमधली बैठक होती. जावं की नको, असं चाललं होतं. अनघाने शंकरपाळे करून डबा हातात दिला आणि म्हणाली, "जा गपचूप." हीटरशेजारची खुर्ची रिकामी होती. कुणी ठरवलं नव्हतं, पण कुणी बसलंही नव्हतं. दोन शब्द बोला म्हणाले. मी उभा राहिलो. आठवणी सांगायचं मनात होतं, पण खुर्चीकडे पाहिलं आणि ते राहूनच गेलं. मी त्यांची बाजू मांडायला लागलो. डीटर, बंद पडलेला कारखाना, न सापडणारं दार. हळूहळू स्वतःच्या नकळत मी जरा मऊ करत गेलो. त्यांचा राग म्हणजे खरं तर काळजीच होती, त्यांना तसा मनातून युरोप आवडायचाच, वगैरे. संपवलं. सवयीने थांबलो, चष्मा टेबलावर ठेवल्याचा आवाज कधी येतो याची वाट बघत... आणि मग लक्षात आलं, आता मला पास-नापास करणारं कुणी उरलेलं नाही.

तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, तोडक्यामोडक्या मराठीत.

"अजून नाही."

क्राउझे. टोपी मांडीवर, डोळे लाल. जर्मनमध्ये म्हणाले, "त्या एवढ्या गोड नव्हत्या. पाणी घातलंत तुम्ही." मी चमकलो. हॉस्पिटलमधलं ते बोलणं फक्त आम्हा दोघांत झालं होतं. मी म्हटलं, "मग तुम्ही सांगा." ते उठले, बोलायला लागले. पहिली दोन-तीन वाक्यं ठीक होती. मग गाडी घसरली, त्यांच्या जुन्या रस्त्याला लागली, आणि मी म्हटलं, "अजून नाही." ते थांबले. माझ्यावर डाफरतील असं वाटलं होतं. पण डब्यातला एक शंकरपाळा उचलून त्यांनी तोंडात टाकला, त्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.