फिल्टरच्या डब्याची पाठ

बत्तीशी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो कवळ्या करतो. डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे येतात, तो त्यांत प्लास्टर ओततो, मेणावर एकेक दात बसवतो. स्वतः मात्र तोंड मिटून हसतो. म्हणून मित्रांनी हे नाव ठेवलं, आणि ते चिकटलं. बायकोसुद्धा लाडात आली की हीच हाक मारते.

माणूस सरळ. एकदा आपला म्हटला की त्याचा शब्द खरा. साडूवर त्याचा असाच विश्वास होता. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, स्वतःचं गॅरेज असलेला. बत्तीशीने गाडी घेतली ती त्याच्याकडून, वापरलेली. घेताना बॉनेटही उघडलं नाही. "जगाचे दात मोजता आणि गाईचे मोजले नाहीत?" शेजाऱ्याने डिवचलं. "घरच्या गाईचे कुणी मोजतं का?" हा म्हणाला.

साडूची अट एकच. गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही. बत्तीशीला ती माया वाटली.

आता गाडी लेकीची होणार होती. तिला शेजारच्या गावी इस्पितळात नोकरी लागली होती. सोमवारपासून हमरस्त्याने रोज जा-ये. तिचं मागणं एवढंच, "बाबा, गाडीला जरा आवाज हवा. सर्दी झाल्यासारखी चालते ती." त्याने बाहेरच्या कंपनीचा इनटेक मागवला. इंजिनाला हवा पुरवणारी जाड चकचकीत नळी, तिच्या टोकाला शंकूसारखा उघडा फिल्टर. मूळचा काळा डबा काढायचा आणि त्या जागी हा बसवायचा.

"कशाला नसती उठाठेव?" साडू फोनवर म्हणाला. "गाडी इकडे आण, मी बघतो."

"लेकीसाठी आहे, दादा. माझ्या हाताने करतो. तुम्ही चहाला या."

रविवारी सकाळी अंगणात त्याने बॉनेट उघडलं. आधी बॅटरीची काळी तार सोडली. सेन्सरची पिन अक्कलदाढ काढावी तशी हलवत हलवत काढली. क्लिपा उघडल्या, बोल्ट काढले. डबा उचलून बाहेर घेतला आणि पुसायला म्हणून उलटा केला.

पुढची बाजू चकाचक होती. पाठ कुणी घासलीच नव्हती. लोक समोरचेच दात घासतात, तसं. त्या पाठीवर एक पिवळट रेघ होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत, एका पातळीत. अशी रेघ तो रोज बघतो. प्लास्टरचं पाणी भांड्यात साचून राहिलं की ती उमटते.

त्याने डब्यामागच्या पोकळीत टॉर्च मारला. वाळलेला गाळ. गाळात अडकलेली बारीकशी गोगलगाय.

मग तो गाडीत शिरला. चालकाच्या सीटखालचा गालिचा उचलला. एअरबॅगच्या पिवळ्या तारांचा जोड हिरवा पडला होता. गाडी गळ्यापर्यंत बुडालेली होती.

तेवढ्यात फाटक वाजलं. "काय डॉक्टर, पेशंट जिवंत आहे ना?" साडूची नेहमीची आरोळी.

बत्तीशीने डब्याची पाठ त्याच्यापुढे धरली.

"धूळ आहे ती."

"धूळ पातळी धरून बसत नाही, दादा."

साडूने चपलेने जमीन उकरली. "बरं, बुडली होती. पूर आला होता तेव्हा. गाडी काय मिठाची आहे? इतकी वर्षं चाललीच ना?"

"एअरबॅगची तार सडलीय. पोर ही घेऊन हमरस्त्यावर जाणार होती."

"पोर नेणार हे तेव्हा मला काय ठाऊक?"

"पण आता होतं ना? नोकरी लागल्याचं सांगायला ती आधी तुमच्या गॅरेजात आली होती. किल्ली नाचवत."

साडूचा चेहरा लाल झाला. "माझ्या एकट्यावर काय डोळे वटारतोस? घरात विचार. तुझ्या बायकोला सगळं माहीत आहे."

ती दारातच होती, चहाचे कप घेऊन. तिने ते सावकाश पायरीवर ठेवले.

"ताईने शपथ घातली होती," ती म्हणाली. "गॅरेज बंद पडायची वेळ आली होती. भाऊजी म्हणाले, आतलं सगळं नवं घातलंय. मला वाटलं, घातलं असेल."

"आणि उद्या?"

"रोज ठरवायचे, सांगू या. मग वाटायचं, तू ताईच्या घरी पुन्हा पाऊल टाकणार नाहीस."

"म्हणून लेकीला त्यात बसवणार होतीस."



साडूवरचा राग त्याला समजत होता. त्याने केसाने गळा कापला, पण निदान पाठ फिरवून तो आपल्या घरी गेला होता. बायको मात्र त्याच गाडीत शेजारच्या सीटवर बसून हिंडली होती. शेजाऱ्याला दिलेलं ते गाईचं उत्तर तिने चारचौघांत कौतुकाने सांगितलं होतं, आणि तोही तोंड मिटून हसला होता.

"मी निघतो," साडू म्हणाला.

"गाडी घेऊन निघा. ओढून न्यावी लागेल." बत्तीशीने पाना लावून बॅटरी सोडवली आणि उचलून त्याच्या पायाशी ठेवली.

"बाबा, झालं का?" वरच्या खिडकीतून लेक ओरडली. "आवाज ऐकू दे ना!"

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. तिची नजर त्याला ओळखू आली. काहीतरी निमित्त सांग, निभावून ने.

"तूच सांग तिला," तो म्हणाला.

लेक धडधडत जिना उतरून आली. अंगणातला पसारा, काकांचा उतरलेला चेहरा, खाली ठेवलेली बॅटरी बघून ती थबकली. आईने कप बाजूला सारले आणि तिला पायरीवर शेजारी बसवलं.

"गाडी नाही मिळायची तुला," आई म्हणाली. "आणि यात माझीही चूक आहे."

बत्तीशी हात पुसत उभा राहिला. आता ती सगळं सांगते, की ताईचा भाग गाळून सांगते, ते त्याला ऐकायचं होतं.