तळाचा खण
कपाटात वाळलेला कडुलिंब ठेवला की तसाच पाला घातलेली खामगावची आईची पेटी आठवते. ओटीत मिळालेल्या खणांनी ती इतकी ठासलेली, की झाकण लावायला आई मला वर बसवायची. वडील वैतागायचे, "एवढे खण काऊन साठवून राह्यली?" आई म्हणायची, "दुसऱ्यांच्या ओटीत घालाले." फक्त तळाचा हिरवा खण, तिच्या आईने भरलेल्या शेवटच्या ओटीतला, ती कुणालाच देत नसे. मला सासरी जानेफळला न्यायला बैलांची दमणी जुंपली, तेव्हा तिने घाईत माझी ओटी भरली. तिथे ओटी सोडून पाहते, तर तोच खण! दिवाळीला मी तो परत नेला. "आई, चुकून दिला तू." "हाव, चुकलंच माह्यं," म्हणत तिने सगळी पेटी उपसून तो पुन्हा तळाशी ठेवला. आज माझी दोन कपाटं कपड्यांनी बंद होत नाहीत, आणि त्यांत तोच एक खण नाही.