पिवळ्या न पडलेल्या काचा

शेलार मॅडमना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, आणि या गौरवग्रंथासाठी मी लिहावे असा संपादकांचा आग्रह आहे. मॅडमविषयी मला आदर आहेच. पण त्याच्याही आधीपासून मनात मत्सर आहे. तो वगळला तर हा लेख खोटा ठरेल.

आमची पहिली भेट विश्रामबागेतल्या महाविद्यालयात, मुलाखतीसाठी ताटकळताना झाली. मी वाईचा, सुवर्णपदक मिळवलेला. त्या खंडाळा तालुक्यातल्या, फौजी वडिलांच्या कन्या. ‘आवं, तुमीबी फिजिक्सच व्हय?’ असे त्यांनी विचारले आणि मी निर्धास्त झालो. निवड दोघांचीही झाली. वर्षभरात विद्यार्थी त्यांच्याच टेबलाभोवती दिसू लागले.

संशोधनाचा विषय दोघांचाही सौरघट. मॅडम काचेवर पेरोव्स्काइट या पदार्थाचा पातळ थर देत. तो प्रकाश उत्तम शोषतो; पण दमट हवेत काळपट थर पिवळा पडतो आणि घट निकामी होतो. मी क्वांटम डॉट्स, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अर्धवाहकाचे कण, बनवीत असे. एका पावसाळ्यात मॅडमकडून मागून आणलेल्या काचांवर मी माझ्या कणांचा थर देऊन पाहिला. पंधरा दिवसांनीही त्या काळ्याच होत्या, आणि वीजही पूर्वीपेक्षा जास्त देत होत्या.

त्याच आठवड्यात मॅडम आल्या. ‘सर, माझ्या समद्या काचा पिवळ्या पडल्या. तुमच्याकडच्या कशा हायत?’

‘त्याही गेल्या,’ मी म्हणालो.

पुढे वर्षभर मी एकटाच धडपडलो आणि फसलो, कारण त्यांच्यासारखा एकसारखा थर मला जमेना. अशात आई आजारी पडली. मी महिनाभर वाईला राहिलो. माझी प्रात्यक्षिके मॅडमनी न सांगता अंगावर घेतली; त्यासाठी माझ्या कपाटाची किल्लीही त्यांच्याकडेच होती.

परतलो तेव्हा त्यांनी आधी आईची चौकशी केली. मग म्हणाल्या, ‘कपाटात काळ्या काचा हायत, तारखा घातलेल्या. तवाच का न्हाई सांगितलं?’

मी त्या काचा काढून त्यांच्यासमोर टेबलावर ठेवल्या.

‘ऱ्हाऊ द्या. थर मी देते, कण तुमी द्या.’

आम्ही दोघांनी मिळून घटाची कार्यक्षमता वाढवली आणि तो दमट हवेतही टिकवला. शोधनिबंधावर त्यांनी माझे नाव पहिले घातले. मी नको म्हणालो, तर उत्तर आले, ‘पयल्यांदा तुमालाच दिसलं ना?’ त्या रागावल्या असत्या तर मला सोपे गेले असते. त्या खोट्याविषयी त्यांनी आजवर कुणापाशीही अवाक्षर काढलेले नाही. म्हणून ते मीच इथे लिहीत आहे.

मॅडमना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. निवृत्तीनंतरही आपण प्रयोगशाळेत येणार असल्याचे त्यांनी परवा सर्वांना सांगितले. टाळ्या वाजवताना माझ्या पोटात दुखले. दुसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षा तासभर आधी कामाला आलो. मॅडम माझ्याही आधी येऊन बसल्या होत्या.