कॉफी झाली, खटला राहिला

ऐन सिद्र गावातल्या शाळेच्या प्रयोगशाळेत सलामेहने पंचवीस वर्षं काचेच्या नळ्या धुतल्या. पोरांनी फोडलेल्या नळ्यांचे तुकडेही त्यानेच वेचले आणि कधी कुणावर आवाज चढवला नाही. हा माणूस ब्लॉग लिहितो असं कुणी सांगितलं असतं तर गाव पोट धरून हसलं असतं. त्याची बायको इन्तिसार सोडली तर ते कुणालाच माहीत नव्हतं.

ब्लॉग सुरू झाला तो पाण्यापायी. करकच्या डोंगरात आमच्याकडे सरकारी पाणी आठवड्यातून एकदा येतं. त्या दिवशी गच्चीवरच्या टाक्या भरल्या नाहीत तर पुढचे सहा दिवस टँकरवाल्याचे पाय धरा. सलामेह टोपणनावाने लिहायचा, कोणत्या गल्लीत पाणी किती वाजता आलं, किती वेळ टिकलं, कुठे आलंच नाही. बस्स, एवढंच. पण आसपासच्या सात गावांतल्या बायका कपडे भिजवण्याआधी त्याचा ब्लॉग उघडायला लागल्या. पाणी खात्याच्या वेळापत्रकावर कुणाचा काडीचा भरवसा नव्हता, या बिननावाच्या माणसावर मात्र होता.

मग एक दिवस त्याने लिहिलं की खालच्या गल्लीची झडप दर मंगळवारी बंद केली जाते आणि तेच पाणी टँकरने त्याच गल्लीला विकलं जातं. टँकर कुणाचे, तर नगरपालिकेचे सदस्य अबू राकान यांचे. खाली तीन महिन्यांच्या तारखा आणि वेळा. दोन दिवसांत चाळीस हजार लोकांनी ते वाचलं. तिसऱ्या दिवशी अबू राकानने सायबर कायद्याखाली तक्रार ठोकली आणि संशयित म्हणून सलामेहचं नाव दिलं, कारण गच्चीवर उभं राहून वहीत वेळा टिपताना त्याला अर्ध्या गावाने पाहिलं होतं.

वकील म्हणून नजवा मिळाली. तिशीही न गाठलेली, पण जिभेला धार.

"ब्लॉग तुमचा आहे याचा त्यांच्याकडे एकही पुरावा नाही," ती म्हणाली. "तुम्ही फक्त तोंड शिवून बसा."

"पण मॅडम, त्यात जे लिहिलंय ते..."

"ते खरं की खोटं हे मला सांगूच नका. झडप बंद करणारा पाणी खात्याचा माणूस तुमच्यासाठी साक्ष देणार आहे का? नाही ना? मग ते आपल्या काय कामाचं? शिक्षा झाली तर किमान तीन महिने आत, आणि शाळेची नोकरी जाईल ती वेगळीच."

सलामेहने तोंड शिवलं. दारात गाडी थांबली की तो खिडकीच्या फटीतून बघायचा. इन्तिसार त्याला मुलीच्या नावाने, रुबाचा बाप म्हणून हाक मारायची. रोज म्हणायची, "अबू रुबा, दोन घास तरी खा." तो ताटाकडे नुसता बघत बसायचा.

अशात एका सकाळी अबू मुफ्लेह काका आले. ऐंशीचे, आमच्या घराण्यात सगळ्यांत वडील. त्यांच्या शब्दावर माणसांनी बंदुका खाली ठेवल्या आहेत. शेजारच्या गावातली दोन घराणी अकरा वर्षं एकमेकांच्या जिवावर उठलेली नाहीत, ती केवळ काकांनी मध्ये पडून शब्द दिला म्हणून.

"कोर्टकचेऱ्या कसल्या करतोस रे? मानाची दीडशे माणसं घेऊन अबू राकानच्या दारात जाऊ, तक्रार मागे घे म्हणू. मी बघतो तो कसा नाही म्हणतो."

"काका, वकीलबाई म्हणतात, मी काही बोलायचं नाही."

"मग नको बोलूस! तुला बोलायला सांगितलंय कुणी? बोलेन मी."

वकीलबाई म्हणतात बोलू नको, काका म्हणतात बोलू नको. दोघांचं जुळतंय असं सलामेहला वाटलं, आणि तो इथेच फसला. इन्तिसार म्हणाली, "नजवाला एक फोन तरी करा." पण काकांच्या देखत, काल वकील झालेल्या पोरीची परवानगी मागायची? त्याचा धीर झाला नाही.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर सगळे अबू राकानच्या दिवाणखान्यात बसले. काकांपुढे कॉफीचा पेला आला. त्यांनी तो तसाच समोर ठेवला. मागणं मान्य होईपर्यंत त्याला ओठ लावायचा नसतो. मग ते माईक घेऊन उभे राहिले.

"आमच्या पोराने लिहिलं. ते खोटं होतं, पोर चुकलं. त्याच्या वतीने मी या पांढऱ्या दाढीने माफी मागतो."

खोटं? सलामेहने मान वर केली, समोरच्या डोक्यांवरच्या दीडशे पांढऱ्या-लाल रुमालांकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

"तुमच्या दाढीखातर सोडलं, हाजी," अबू राकान म्हणाला. "घ्या, कॉफी घ्या."

सगळ्यांनी पेले उचलले. सलामेहनेही. संध्याकाळी घराण्याच्या ऑनलाइन पानावर पूर्ण व्हिडिओ चढला, वर अबू मुफ्लेह काकांना दुवा आणि गुलाबाची फुलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नजवाचा फोन आला. ती रडवेली झाली होती.

"हे काय करून बसलात तुम्ही?"

"मॅडम, त्यांनी तक्रार मागे घेतली ना?"

"घेतली. पण त्यांनी स्वतःचा हक्क सोडला, सरकारचा उभाच आहे. अबू राकान निवडून आलेला माणूस, त्याच्याविरुद्धचं लिखाण सरकार आपणहून चालवतं. आणि सरकारकडे जो पुरावा नव्हता, तो तुमच्या काकांनी माईकवरून दिला."

आता एकच वाट उरली होती. काकांनी कोर्टात सांगायचं की ब्लॉग कुणाचा हे मला ठाऊक नव्हतं, गावात ऐकलं ते बोलून गेलो. कोर्टाच्या पायऱ्यांवर काका आपणहून म्हणाले, "सांगतो मी तसं." दीडशे माणसांत दिलेला शब्द पोकळ होता असं ते म्हणाले, तर शेजारच्या गावातल्या त्या दोन घराण्यांनी कशावर विसंबून राहायचं? हे सलामेहला कळत होतं. तरी त्याला वाटत होतं, सांगा काका, सांगून टाका. त्याला स्वतःची लाज वाटली, पण वाटत होतं ते वाटतच होतं.

न्यायाधीशांनी व्हिडिओ लावला. काका उठले.

"साहेब, कॉफी झाली. आमच्यात कॉफी झाली की मिटलं."

"कॉफी अबू राकान यांनी पाजली, हाजी. न्यायालयाने नाही." न्यायाधीश अदबीने बोलत होते. "एवढंच सांगा, याने लिहिलं असं तुम्ही म्हणालात ते खरं की नाही?"

काकांनी तोंड उघडलं. ओठ नुसतेच हलत राहिले, आणि ऐंशी वर्षांच्या त्या माणसाची नजर जमिनीला लागली. सलामेहला ते बघवेना. नजवाने बाही ओढली तरी तो उठलाच.

"मी लिहिलं, साहेब."

कारकुनाची बोटं चालली.

"पण खोटं नाही लिहिलं. वही घरी आहे, तारखांसकट. दर मंगळवारी झडप..."

"ते विचारलेलं नाही," न्यायाधीश म्हणाले. कारकून केव्हाच थांबला होता.

तीन महिने. शिपाई सलामेहला घेऊन निघाला, तेव्हा काकांनी काठी आडवी घालून त्याला दारात थांबवलं.

"खरं होतं ते?" काकांनी विचारलं. "आणि मी दीडशे माणसांत खोटं म्हणालो? मला आधी का नाही सांगितलंस रे?"

"तुम्ही विचारलंत कुठे, काका?" सलामेह म्हणाला.