परांचीवरची पावलं

माझी आत्या हाडं पिकवते. 'पिकवते' हा शब्द आजीचा. शेजारच्या काकूंनी "तुमची लेक नक्की करते तरी काय?" असं विचारलं की आजी कोबी चिरता चिरता, मान वर न करता सांगते, "हाडं पिकवते." त्यावर काकूंचा चेहरा कसा होतो ते मी हुबेहूब करून दाखवू शकते, पण कागदावर ते जमत नाही.

खरं काम असं आहे. हाड साधं मोडलं तर आपलं आपण जुळतं. पण मध्ये मोठी फट पडली की दोन्ही टोकं भांडलेल्या भावांसारखी तोंड फिरवून बसतात. त्या फटीत बसवायला आत्या एक पांढरा तुकडा बनवते. बोराएवढा, पावासारखा जाळीदार. त्याला ती परांची म्हणते. गवंडी परांचीवर चढून भिंत बांधतात, तशा या तुकड्यावर पेशी चढतात आणि हाड बांधतात. मग परांची हळूहळू विरघळून जाते. सोडवायला माणूस लागत नाही.

परांची हा शब्द मात्र आजोबांचा. आजोबा रंगारी होते. आत्या कॉलेजात असताना तिसऱ्या मजल्यापाशी एक गाठ सुटली आणि ते परांचीसकट खाली आले. उजवी नडगी फुटली. तुकडे काढावे लागले, आणि उरलेली फट पुढे एकवीस वर्षं जुळलीच नाही. पायात सळई, हातात काठी. "माझी परांची दुसऱ्याने बांधली होती," ते आत्याला म्हणायचे. "तुझी तू बांध. आणि गाठी तपास, बये."

आत्याची परांची होईपर्यंत ते काही थांबले नाहीत. दोन वर्षांपूर्वी गेले. काठी अजून दारामागे उभी आहे. केर काढतानाही ती हलवायची नाही, असा आजीचा हुकूम. "राहू दे तिथेच. लागेल त्यांना."

या सुट्टीत मी सगळ्यांच्या नकला करून करून घरात वात आणला, तेव्हा आजीनेच फर्मान काढलं, "हिला तुझ्या हाडांत नेऊन बसव." म्हणून मी आत्याच्या प्रयोगशाळेत.

खोली लांबट, खिडकी नसलेली. भिंतीला फ्रिजसारखी दिसणारी कपाटं, पण हात लावला की कोमट. माणसाच्या अंगाइतकी कोमट, म्हणून हात लावून लगेच काढावासा वाटतो. त्यातल्या एका कपाटात काचेच्या दाराआड दोन यंत्रं शेजारी शेजारी. प्रत्येकात एक डबी, डबीत गुलाबी पाणी, पाण्यात पांढरा तुकडा, आणि वरून त्याला दाबणारा एक दट्ट्या.

"हे बघ," आत्या म्हणाली. तिचं प्रत्येक वाक्य 'हे बघ'ने सुरू होतं, फोनवरसुद्धा. "हाड महाआळशी असतं. भार पडला नाही तर वाढायचे कष्टच घेत नाही. म्हणून यंत्र त्याला चालवतं."

डावं यंत्र सरळ तालात चालायचं. टक, टक, टक, टक. काचसामान धुणारे मामा, म्हणजे तिथे सगळ्यांचेच मामा, त्याला 'शिपाई' म्हणत. उजव्याचं नाव 'म्हातारा'. मी म्हाताऱ्याजवळ कान नेला.

ठप्प, सर्रर. ठप्प, सर्रर. सात वेळा. मग एक दम खाण्याइतका थांबा. पुन्हा ठप्प, सर्रर.

ही चाल मला येत होती. पाहुण्यांसमोर मी ती करून दाखवायचे आणि खुद्द आजोबा हसून हसून ठसकायचे.

"आत्या, आत आजोबा आहेत."

"हळू बोल." तिने दाराकडे पाहिलं. मग सांगितलं. आजोबा होते तेव्हा तिने त्यांच्या चपलांत भार मोजणाऱ्या पट्ट्या बसवल्या होत्या. त्यांची रीतसर सही घेऊन चाळीस मिनिटांची चाल नोंदवली होती. आता यंत्र तीच चाळीस मिनिटं पुन्हा पुन्हा चालत होतं.

"सरांना माहितीय?" सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख.

"एका वृद्ध, जायबंदी माणसाची चाल आहे, हे माहितीय. तो कुणाचा बाप, असा रकाना नसतो गं फॉर्मात." मग म्हणाली, "हे बघ, सरळ तालाने मी दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा खडू. बोट लावलं की भुगा. एकसारखं बडबडणाऱ्याकडे आपण लक्ष देतो का? तो मध्येच थांबला की कान टवकारतो. हाडाचंही तसंच असावं."

"आणि पेशी? त्यापण आजोबांच्या?"

"छे! कुणा बाईच्या. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिने ते हाड देऊन टाकलं. नावही माहीत नाही मला."

"म्हणजे आजोबा परक्या बाईच्या हाडावर चालतायत?"

"हे आजीला बोललीस तर तुझी जीभ पुढच्या डबीत."

तो प्रयोगाचा एक्केचाळिसावा दिवस होता. आठवडाभराने मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मी डोळे मिटून ऐकलं. 'सर्रर' आखडला होता. 'सर्र' झाला होता. मी आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, तुझे कान वाजतायत. मग तिने पडद्यावरच्या रेषा मोजल्या आणि बराच वेळ मोजतच राहिली.

"तुकडा कडक होतोय," ती शेवटी म्हणाली. "दट्ट्याला लवकर परत ढकलतोय. म्हणून ओढ कमी झाली. सोपं आहे."

सोपं होतं, पण ते सांगताना तिने एकदाही 'हे बघ' म्हटलं नाही.

मामांनी तेच त्यांच्या पद्धतीने सांगितलं. "ताई, मी काय म्हणतो, म्हातारा सुधारलाय हां. आधी सकाळी दार उघडलं की वाटायचं, कुणीतरी पाय ओढत मागनं येतंय. आता वाटतं, कुणीतरी नुसतं येतंय."

छप्पन्नाव्या दिवशी ओढ संपली. ठप्प, ठप्प. ठप्प, ठप्प. सातनंतरचा थांबा तेवढा होता तिथेच होता. पण आता तो दम खाण्याचा वाटत नव्हता. चालताना आपल्यासोबतचं लहान मूल मागे राहिलं की माणूस थांबतो, तसा वाटायचा. आत्या डबाही कपाटासमोर बसून खायला लागली. गुलाबी पाणी बदलायचं काम मामांकडून काढून घेतलं.

साठाव्या दिवशी तुकडा कापायचा होता. हाड झालंय की नाही हे बाहेरून कळत नाही. यंत्र थांबवायचं, तुकडा काढायचा, त्याचे कागदासारखे काप करायचे, रंग चढवून भिंगाखाली ठेवायचे. मी म्हटलं, "नोंद तर राहील ना संगणकात?"

"राहील," आत्या म्हणाली. "लंगडी चाल राहील. ही नाही राहणार."

अठ्ठावन्नाव्या दिवशी तिने सरांना विचारलं. सरांची नक्कल मला झोपेतही येते. ते स्वतःच प्रश्न विचारतात, 'काय?' म्हणतात आणि स्वतःच उत्तर देतात.

"सर, अजून चार दिवस मिळतील?"

"चार दिवस कशासाठी? काय? कशासाठीच नाही. आपण साठ लिहून दिलेत ना? दिलेत. मग साठ म्हणजे साठ. दोनदा खडू झाला आपला. आता खडू झाला तर हे टेबल दुसऱ्याला जाणार. आणि हाड झालं असेल, पण कापून दाखवलं नाही, तर काय? तर ते झालंच नाही."

कशासाठी, हे आत्या कुठल्या तोंडाने सांगणार?

साठावा दिवस. सकाळचे अकरा. आत्याने हातमोजे घातले, कपाट उघडलं. कोमट वास बाहेर आला. शिपाई आपला टक, टक. म्हातारा ठप्प, ठप्प. चाळीस मिनिटांची फेरी संपत आली होती. शेवटचं पाऊल पडलं आणि मग, जिथे काहीच नसायला हवं तिथे, पाठोपाठ दोनदा वाजलं.

धप्. धप्.

"अभ्यास चालू आहे, बाबा!" आत्या ओरडली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिने हातमोज्यासकट तोंडावर हात दाबला होता. मग हळू आवाजात म्हणाली, "कामावरून आले की दारात उजवा पाय दोनदा आपटायचे. चपलेचा रंग झाडायला. आम्ही भावंडं आत पत्ते खेळत असायचो. पत्ते लपवून हेच ओरडायचो. पडल्यावर कधी आपटला नाही त्यांनी. पट्ट्या बसवल्या तेव्हाही नाही."

"मग आत्ता?"

"नोंद संपून पुन्हा सुरू होते तिथे दट्ट्या उसळला असेल. तुकडा कडक झालाय."

"मग याआधी का नाही उसळला?"

तिने उघड्या दाराच्या काचेवर तळहात ठेवला, दाराबाहेरच्या माणसाला 'आलेच' म्हणताना ठेवतात तसा. मग बटण दाबलं. म्हातारा थांबला. शिपाई टक, टक करत राहिला, तर तिने त्यालाही बंद केलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या खोलीत मला काहीही ऐकू आलं नाही. मग तिने दोन्ही तुकडे काढले आणि कापले.

आठवड्याने काप तयार झाले. शिपायाचा खडूच. म्हाताऱ्याचं हाड झालं होतं, खरं, जिवंत हाड, भिंगाखाली रांगेत दाटलेलं. सरांनी आत्याचा हात हातात घेऊन गदागदा हलवला. "जमलं का? काय? जमलं!" मग ते पुन्हा भिंगावर वाकले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

"तुकडा कधी पडला होता का?"

"नाही सर."

"दट्ट्या कधी जास्त बसला?"

"नोंदीत तरी नाही."

"मग इथे मधोमध मोडलेलं दिसतंय. आरपार. आणि मोडून जुळलंय, चांगलं पक्कं जुळलंय. जे कधी मोडलंच नाही ते जुळलं कसं? काय?"

त्या दिवशी पहिल्यांदा सरांनी आपल्या 'काय?'चं उत्तर दिलं नाही.

संध्याकाळी आम्ही घरी आलो. आत्याने चपला काढल्या, दारामागची काठी उचलली आणि पुसून कपाटावर आडवी ठेवली. आता आजी घर डोक्यावर घेणार!

आजी कोबी चिरत होती. सुरी क्षणभर थांबली.

"काठी काढलीस?"

"आता लागत नाही त्यांना, आई."

"हं," आजी म्हणाली आणि पुन्हा चिरायला लागली. "वाटलंच मला. आठवडा झाला, टेकल्याचा आवाज येत नाही."