क्लबातलं लिनक्स

ब्लफ या बंदरगावच्या लॉन बोल्स, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाच्या क्लबात शनिवारी कोण कुणाशी खेळणार हे वर्ना ठरवते. नावं छापून कागद भिंतीवर लावते. कालवं फोडायच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर तिनं हे काम मागून घेतलं होतं. ते काढून घ्यायचं क्लबचा अध्यक्ष क्लॅरी याच्या मनात होतं.

कारण कॉम्प्युटरचं. क्लबचं मशीन जुनं, त्यावर कॉम्प्युटर कंपनीची नवी सिस्टीम चालेना. क्लॅरी म्हणाला, नवं घेऊ. वर्नानं जुन्यावरच लिनक्स चढवलं. फुकटचं, आणि कुणालाही आत हात घालता येईल असं.

"पोरासोरांचं खेळणं ते," क्लॅरी म्हणाला. "एका शनिवारी कागद लागला नाही, की नवं मशीन आणि नवा माणूस. कबूल?"

"कबूल."

सगळा उन्हाळा कागद लागला. मग घोळ वर्नानंच घातला.

कालवं फोडणाऱ्या बायका दुसऱ्याची सुरी हातात धरत नाहीत. मूठ आपल्या तळव्याला बेतलेली, पातं आपणच घासलेलं. चांगली चालणारी सुरीही घासत बसायची खोड निवृत्तीनं जात नाही. त्या शनिवारी खेळाडू यायच्या आत वर्ना अक्षरं मोठी करायला गेली, सिस्टीमच्या आत नको तिथं खरवडलं, आणि मशीन पुन्हा सुरू केलं तर काळा पडदा.

क्लॅरी चहाचा मग घेऊन दारात उभा. "काय गं, झोपलं?"

"मी झोपवलं."

"तेच म्हणतोय. रोजच्या वापराचं नाही हे."

"चालत्या इंजिनात तू पाना घातलास, तर गाडी नालायक होय?"

"मी घालतच नाही. साधा माणूस घालत नाही."

हे खरं होतं, म्हणून झोंबलं. वर्नानं खणातून लिनक्सचा पेनड्राइव्ह काढला आणि मशीन त्यावरून सुरू केलं. पडदा उजळला. आतली नावं जागच्या जागी होती. ती खुर्चीतून उठली.

"नोला, इकडे ये."

स्वयंपाकघरात चीज रोलना लोणी लावून भाजणारी नोला हात पुसत आली. "मला यातलं काही येत नाही हं."

"म्हणूनच बोलावलं. ही चिठ्ठी बघून आज न येणाऱ्यांची नावं काढ, बदली नावं घाल, छाप. मी बोलणार नाही."

वर्ना हात मागे बांधून भिंतीशी उभी राहिली. आयुष्यभर कामात हात असलेल्या बाईला याहून जड काही नसतं. नोला एकेक अक्षर शोधत होती. नावं झाली. प्रिंटरचं चित्र सापडलं, तिनं दाबलं. प्रिंटर ढिम्म.

क्लॅरी हसला. वर्नानं ओठ गच्च मिटले.

"अगं बाई," नोला म्हणाली, "यात कागदच नाही की!"

तिनं कागद घातला. पान बाहेर आलं. क्लॅरीनं ते वरपासून खालपर्यंत वाचलं.

"बरं, राहू दे हे मशीन. पण यापुढं तू आत हात घालायचा नाही."

"ही अट मला मान्य नाही."

"वर्ना, अगं—"

"हात घालता येतो म्हणून तर ते आणलंय. बिघडवीन मी, निस्तरीनही मीच. पटत नसेल तर काम आत्ताच काढून घे. या सगळ्यांसमोर."

दारात खेळाडू जमले होते. क्लॅरीनं एकेकाकडे पाहिलं. जो तो आपल्या बुटांकडे बघत होता.

"माझ्याकडे बघू नकोस," नोला म्हणाली. "माझे रोल करपतायत."

क्लॅरीनं टाचणी घेतली आणि कागद स्वतः भिंतीला लावला.

वर्ना तोवर खुर्चीत बसली होती. सकाळी नेमकं कुठं जास्त खरवडलं, ते शोधत.